संपलेल्या कथेला मुदतवाढ

उत्तरभाग ही कल्पना आमच्या वाङ्मयाला नवी नाही. भवभूतीने रामाच्या राज्याभिषेकापर्यंतची कथा ‘महावीरचरिता’त सांगितली आणि पुढे ‘उत्तररामचरित’ लिहिले. आज रसिकांच्या मनात पहिले नाटक नावापुरते उरले आहे; दुसऱ्याने मात्र भवभूतीला कालिदासाच्या पंक्तीस नेऊन बसविले आहे. तेव्हा ‘दुसरा भाग म्हणजे पहिल्याचा ऱ्हास’ असा जो समज चित्रपटांच्या बाबतीत हल्ली रूढ होत चालला आहे, तो जसाच्या तसा स्वीकारण्यास आम्ही तयार नाही. ऱ्हास होतो हे खरे. परंतु तो दुसऱ्या भागाच्या केवळ अस्तित्वाने होत नाही. तो कशाने होतो, हे पाहण्यासारखे आहे.

‘उत्तररामचरिता’चा पहिला अंक आठवावा. राम, सीता आणि लक्ष्मण भिंतीवरील चित्रांतून आपलाच वनवास पुन्हा पाहत आहेत. मागील भागाची आठवण करून देण्याची ही युक्ती आजच्या कोणाही पटकथाकाराला मोह पाडील अशी आहे. परंतु भवभूती तेवढ्यावर थांबत नाही. ती चित्रे पाहूनच सीतेला पुन्हा वनात जावेसे वाटते, आणि तिची ही इच्छाच तिच्या त्यागाला निमित्त पुरविते. गतकथेची उजळणी पुढच्या कथेचे कारण होऊन बसते. उलट उदाहरण हवे असेल तर ‘कुमारसंभवा’चे घ्यावे. मल्लिनाथाने टीका लिहिली ती आठ सर्गांवर. नवव्यापासून सतराव्यापर्यंतचे सर्ग कोणा पुढच्या हाताने जोडले असे बहुतेक पंडित मानतात. शिवपार्वतींचा विवाह झाला, तरी कुमाराचा जन्म व तारकाचा वध राहिलाच आहे, असे त्या अज्ञात पूरककर्त्याला वाटले असावे. हिशेब त्याचा बरोबर होता. शीर्षकाने दिलेले आश्वासन त्याने प्रामाणिकपणे पुरे केले. तरीही वाचक आठव्या सर्गापाशीच थांबतो.

या प्रश्नाचा निकाल आनंदवर्धनाने हजार-अकराशे वर्षांपूर्वीच लावून ठेवला आहे असे आम्हांस वाटते. रसाला विरोधी अशा गोष्टी ‘ध्वन्यालोका’त सांगताना त्याने एक गोष्ट अशी सांगितली आहे की, परिपोषास पोचलेल्या रसाला पुनःपुन्हा उद्दीपित करीत राहू नये, तसे केल्यास तो वारंवार हाताळलेल्या फुलासारखा कोमेजतो. त्याच्यापुढे अर्थात चित्रपट नव्हता आणि चित्रपटाचा गल्लाही नव्हता. परंतु फूल हाताळण्याची खोड फार जुनी दिसते.

मराठी चित्रपटाकडे वळू. सतीश राजवाडे यांचा ‘मुंबई-पुणे-मुंबई’ २०१० साली आला. विवाहासाठी एका मुलाला भेटण्याच्या निमित्ताने मुंबईची मुलगी पुण्यास येते, पत्ता विचारते, आणि ज्याला विचारते त्याच्याबरोबरच दिवसभर शहर हिंडते. दोनच माणसे, एकच दिवस, आणि बोलणे. मुक्ता बर्वे व स्वप्नील जोशी यांनी हे बोलणे इतक्या सहजतेने केले की पुणे-मुंबईचा पिढीजात विनोदही त्यांच्या तोंडी ताजा वाटला. परंतु त्या चित्रपटाचे खरे वैभव त्याने राखलेल्या संयमात होते. दोघांनाही चित्रपटभर नावे नाहीत. ती कोणाची कोण, तिचे वडील काय करतात, त्याच्या घरी कोणकोण आहे, हे प्रेक्षकाला फारसे कळत नाही, आणि कळावेसेही वाटत नाही. आमच्या समाजात दोन माणसे भेटली की आडनाव, गाव आणि नोकरी यांची विचारपूस होण्यास पाच मिनिटे लागत नाहीत. परगावी असलेल्या मराठी माणसाला तर याचा अनुभव अधिकच आहे. अशा समाजात दोन तरुण माणसे दिवसभर नावांवाचून एकमेकांना ओळखत जातात, ही कल्पना वरून साधी, पण आतून मोठ्या धैर्याची होती.

‘मुंबई-पुणे-मुंबई २’ २०१५ साली आला आणि पहिल्याच झटक्यात त्या दोघांना नावे मिळाली: गौतम प्रधान आणि गौरी देशपांडे. आमच्या मते ऱ्हासाची नोंद इथूनच करावयास हवी, जरी चित्रपट म्हणून हा दुसरा भाग अगदीच टाकाऊ नाही. दोन्ही कुटुंबे आली; प्रशांत दामले आणि सुहास जोशी यांच्यासारखे कसलेले नट आले; लग्नाची गडबड आली. मुख्य म्हणजे एक खरा प्रश्नही आला. एका दिवसात घेतलेला निर्णय आयुष्यभर टिकेल काय, ही वधूच्या मनातील शंका पहिल्याच चित्रपटाच्या पोटात दडलेली होती. ती बाहेर काढणे न्याय्य होते. परंतु तिचे उत्तर देण्यासाठी ज्या घरगुती सरंजामाचा आश्रय घेतला गेला, त्यामुळे ते दोघे इतर कोणत्याही मराठी चित्रपटातील वधूवरांसारखे झाले. २०१८ च्या तिसऱ्या भागात तर विवाहानंतरचे पुढचे पाऊल, म्हणजे अपत्य, एवढाच मजकूर उरला. हा क्रम कथेने ठरविलेला दिसत नाही, शिधापत्रिकेने ठरविलेला दिसतो: प्रथम नाव, मग कुटुंब, मग नव्या सदस्याची नोंद.

‘पहिला भाग तर जागच्या जागी आहे, ज्याला नको त्याने पुढचे पाहू नयेत’, असे यावर कोणी म्हणेल. हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण शेवट हा कलाकृतीचा एक अवयव आहे. ‘इथे थांबलो’ असे सांगणारा कलावंत त्या थांबण्यातून काही सांगत असतो. पुढे त्यानेच ‘ते थांबणे तात्पुरते होते’ असे जाहीर केले की पूर्वीचा अर्थही मागे घेतला जातो. आज पहिला ‘मुंबई-पुणे-मुंबई’ आम्ही पुन्हा पाहतो तेव्हा पत्ता विचारणारी ती मुलगी आम्हांस अनामिक दिसूच शकत नाही; ती गौरी देशपांडे असते, आणि तिला पुढे मूल होणार हे आम्हांस ठाऊक असते.

रवी जाधव यांच्या ‘टाईमपास’चे प्रकरण याहून चमत्कारिक आहे. जानेवारी २०१४ मध्ये आलेल्या पहिल्या भागाला अफाट लोकप्रियता लाभली. वस्तीतला, शाळेत नापास झालेला, वर्तमानपत्रे टाकणारा दगडू परब आणि लेल्यांची प्राजक्ता यांचे ते कोवळे प्रेम. वैभव मांगले यांनी उभे केलेले माधवराव लेले केवळ हास्यास्पद खलपुरुष नव्हते. त्यांच्या अहंकारामागे मध्यमवर्गीय भीती होती, हे नटाने कुठेही न सांगता दाखविले. दगडूची भाषा अनेकांना खटकली. आम्हांस ती खटकली नाही. त्या मुलाजवळ दुसरे होते काय? प्रथमेश परब आणि केतकी माटेगावकर यांच्या वयाची अपुरेपणाची कळा त्या चित्रपटाला होती आणि शेवटची ताटातूट तिला शोभणारी होती.

दुसऱ्या भागाने (२०१५) वर्षे उलटल्यावर दोघांना पुन्हा भेटविले. नट बदलले, प्रियदर्शन जाधव आणि प्रिया बापट आले. ताटातुटीनंतर पुनर्मीलन ही प्रेक्षकाची इच्छा असते हे मान्य करू. ती पुरविण्यास बंदी नाही. परंतु मग २०२२ साली तिसरा भाग आला, आणि त्याला पुढे जाण्यास जागाच उरली नव्हती. तेव्हा तो मागे गेला, आणि पहिल्या व दुसऱ्या भागांच्या मधल्या पोकळीत शिरला. तेथे दगडू महाविद्यालयात आहे आणि हृता दुर्गुळे यांची पालवी त्याच्या आयुष्यात येते. कथा सांगण्याच्या दृष्टीने याहून अवघड जागा शोधूनही सापडली नसती. दगडू शेवटी प्राजक्ताचाच होणार हे प्रेक्षक सात वर्षांपूर्वी पाहून बसला आहे. पालवीचे प्रेम टिकणार नाही हे तिच्याखेरीज सभागृहात सर्वांना ठाऊक आहे. एखाद्या समर्थ लेखकाने ह्याच जाणिवेतून कारुण्य निर्माण केले असते. ‘उत्तररामचरिता’च्या तिसऱ्या अंकात अदृश्य सीता रामाला पाहते, तेव्हा प्रेक्षकाच्या ठायी असलेल्या अधिक माहितीचेच भवभूती करुण रसात रूपांतर करतो. येथे मात्र त्या माहितीचा उपयोग करण्याऐवजी प्रेक्षकाने ती दोन तास विसरावी अशी अपेक्षा आहे. बरे, पालवी ही काही अगदी पोकळ व्यक्तिरेखा नव्हती. तिच्यावर स्वतंत्र चित्रपट निघता. तिला दगडूच्या मधल्या रिकाम्या वर्षांत हंगामी नेमणूक मिळाली, हे तिचे दुर्दैव.

महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’बद्दल (१९९३) गांभीर्याने लिहावे काय, असे काही वाचकांस वाटेल. आमच्या मते अवश्य लिहावे. मूळ कल्पना अमेरिकेतील ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) या चित्रपटाशी नाते सांगणारी असली, तरी बाहुल्यात शिरलेला तात्या विंचू हा अस्सल मराठी झाला तो तिघांमुळे. रामदास पाध्ये यांनी बाहुला घडविला. दिलीप प्रभावळकर यांनी तात्या विंचू उभा केला. आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांनी त्याला घाबरून दाखविले. या तिसऱ्या कामाचे मोल कोणी फारसे केले नाही. लाकडाचा बाहुला जिवंत आहे यावर आपला विश्वास बसतो तो बाहुल्याकडे पाहून नव्हे, समोरच्या लक्ष्याच्या तोंडाकडे पाहून. ज्याचे म्हणणे कोणीच खरे मानीत नाही अशा भोळ्या माणसाची ती केविलवाणी धडपड होती, आणि तिच्यातच हसू आणि भय एकत्र नांदत होते. १६ डिसेंबर २००४ रोजी बेर्डे गेले. २०१३ साली ‘झपाटलेला २’ आला तो त्रिमितीत. आता लक्ष्याच्या मुलाचे शरीर बाहुल्याला हवे होते आणि ती भूमिका आदिनाथ कोठारे यांच्याकडे होती. तांत्रिक करामत पाहता मराठी चित्रपटाने धाडस केले यात शंका नाही. बाहुला पडद्याबाहेर येऊन अंगावर धावू लागला. परंतु त्याला पाहून घाबरणारे ते तोंड पडद्यावर नव्हते, आणि ते आणण्याचे यंत्र अजून निघालेले नाही.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की एकदा जमले ते पुन्हा करूच नये. तसे मुळीच नाही. चिं. वि. जोशी यांनी चिमणरावांना एका पुस्तकात सोडून दिले नाही आणि वाचकांनीही त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. मास्टर विनायकांनी ‘लग्न पहावं करून’ (१९४०) नंतर ‘सरकारी पाहुणे’ (१९४२) मध्ये दामूअण्णा मालवणकर व विष्णुपंत जोग यांच्यासह त्याच जोडीला पुन्हा पडद्यावर आणले. पुढे दूरदर्शनवर प्रभावळकर चिमणराव झाले तेव्हा त्यांचेही स्वागतच झाले. याचे कारण असे की चिमणरावांच्या आयुष्यात ‘शेवट’ असा काही नव्हताच. ते मध्यमवर्गीय गृहस्थ. त्यांच्या घरी आज पाहुणे, उद्या लग्न, परवा गुंड्याभाऊंची नवी शक्कल. येथे बंगळुरात दोराई-भगवान या जोडीने राजकुमारांना घेऊन ‘जेडर बले’ (१९६८) पासून हेर ९९९ ची मालिका काढली, तिचाही प्रकार हाच. हेराला एक कामगिरी संपली की दुसरी मिळते. त्याला कोणी ‘तुझी कथा पुरी झाली’ असे म्हणत नाही. आणि सत्यजित राय यांचा अपू? ‘पथेर पांचाली’ (१९५५), ‘अपराजितो’ (१९५६) आणि ‘अपूर संसार’ (१९५९) यांत तोच माणूस आहे. परंतु प्रत्येक भागात त्याने आधीच्या भागातले कोणी ना कोणी गमावले आहे. दुर्गा गेली, वडील गेले, आई गेली, पत्नी गेली. जे प्रेक्षकाला आवडले होते ते राय त्याला पुन्हा देत नाहीत, काढून घेतात. ‘अपराजितो’ कलकत्त्यात फारसा चालला नाही आणि १९५७ साली व्हेनिसला त्याला सुवर्णसिंह मिळाला, यात नवल कसले?

कन्नड चित्रपटाविषयी दोन शब्द लिहिले नाहीत तर इतकी वर्षे येथील अन्न खाऊन आम्ही डोळे मिटून बसलो असे होईल. ‘आप्तमित्र’ (२००४) हा पी. वासू यांचा चित्रपट ‘मणिचित्रताळ’ (१९९३) या मल्याळम चित्रपटावर आधारलेला. जुन्या वाड्यात नागवल्लीचे भूत आहे असे सर्वांना वाटते, आणि शेवटी कळते की भूत नाही. एका स्त्रीचे मन आजारी आहे. सौंदर्या यांनी ती भूमिका केली. चित्रपट प्रदर्शित होण्याआधीच एप्रिल २००४ मध्ये बंगळूरजवळच्या विमान अपघातात त्यांचे निधन झाले, त्यामुळे तो पाहताना येथील प्रेक्षकाचा कंठ दाटून येत असे. भीतीच्या मार्गाने प्रेक्षकाला विवेकापर्यंत आणणे, ही या कथेची थोरवी. २०१० साली ‘आप्तरक्षक’ हा उत्तरभाग आला. त्यात नागवल्लीचे चित्र घरोघरी अनर्थ घडवीत जाते आणि शतकापूर्वीचा राजा अद्याप जिवंत असल्याचे निघते. म्हणजे पहिल्या भागाने सिद्ध केले ते दुसऱ्याने असिद्ध ठरविले! भुताशिवाय पुढे जाता येईना, म्हणून भूत परत आणावे लागले. नायक विष्णुवर्धन डिसेंबर २००९ मध्ये निवर्तले होते. त्यांचे हे शेवटचे दर्शन घेण्यास लोटलेल्या गर्दीने हा विसंवाद मनावर घेतला नाही, आणि त्या गर्दीला आम्ही दोष देणार नाही. परंतु हिंदीतही ‘भूलभुलैया’ने (२००७) जे भूत घालविले तेच २०२२ च्या दुसऱ्या भागाने खरेखुरे करून परत बसविले, तेव्हा हा योगायोग म्हणता येत नाही. मानसिक आजार बरा होतो. भुताला मात्र कितीही भाग पुरतात.

‘मुंगारु मळे’ (२००६) ची गोष्ट हळवी आहे. योगराज भट यांच्या या चित्रपटाने बंगळुरातील एका बहुपडदा चित्रगृहात वर्षाहून अधिक काळ मुक्काम ठोकला. त्यातील गाण्यांत जयंत कायकिणी यांचे शब्द होते. आयुष्याची अनेक वर्षे मुंबईत काढलेला आणि मुंबईवर कन्नडात कथा लिहिणारा हा लेखक आम्हां मराठी माणसांना निम्मा आपलाच वाटतो. नायक प्रीतम नंदिनीला मिळवू शकतो, तरी मिळवीत नाही. देवदास नावाचा ससादेखील शेवटी मरतो. पाऊस तेवढा पडत राहतो. दहा वर्षांनी ‘मुंगारु मळे २’ आला. नट गणेशच, पण दिग्दर्शक शशांक आणि कथा निराळी. म्हणजे पुढे चालू राहिले ते केवळ नाव. पावसाळा दरवर्षी येतो म्हणून तोच पाऊस दोनदा पडत नाही, हे निर्मात्यांना कोणी सांगावे?

‘के.जी.एफ.’चे दोन अध्याय (२०१८ आणि २०२२) आम्ही या आरोपातून वगळतो. ती कथा दोन खंडांत सांगावयाची म्हणूनच सुरू झालेली होती. परंतु नायक सोन्यासह समुद्रतळाशी गेल्यावर, नामावलीच्या ओघात परदेशातील त्याच्या गुन्ह्यांची नस्ती निघते आणि तिसऱ्या अध्यायाचे हस्तलिखित सापडते, तेव्हा नस्त्यांत आयुष्य काढणाऱ्या आमच्यासारख्यांना हसू आवरत नाही. कोणतेही प्रकरण बंद झाले असे समजू नये, हे आम्हांस कार्यालयात शिकविले गेले. ते चित्रपटाने शिकविण्याची गरज नव्हती. २०२२ चा ‘कांतारा’ तर २०२५ मध्ये ‘अध्याय १’ निघाल्यामुळे पूर्वलक्षी प्रभावाने खालच्या क्रमांकावर गेला.

आता आमच्या खऱ्या तक्रारीकडे येतो. पुण्यात किंवा ठाण्यात राहणाऱ्या रसिकाला हा सारा ऊहापोह विरंगुळ्याचा वाटेल. त्याला एक चित्रपट आवडला नाही तर तो शेजारच्या पडद्यावर दुसरा पाहील. बंगळुरात मराठी चित्रपट लागतो तो बहुधा शनिवार-रविवारी, एखाद-दुसऱ्या खेळापुरता, आणि तोही पुष्कळदा शहराच्या अशा टोकाला की जाण्यायेण्यातच चित्रपटाहून अधिक वेळ जावा. तो एक खेळ कोणत्या चित्रपटाला द्यावयाचा, हे ठरविणारा माणूस मराठी वाचीत नाही. त्याला ओळखीचे नाव हवे असते, आणि नावापुढे आकडा असला म्हणजे मागचा हिशेब त्याच्या हाती असतो. ‘नवरा माझा नवसाचा’ (२००४) मधील एस.टी.च्या जागी २०२४ च्या दुसऱ्या भागात कोकण रेल्वे आली आणि वाहक झालेले अशोक सराफ तिकीट-तपासनीस झाले. अभावाच्या जोरावर धावणाऱ्या ‘दे धक्का’तील (२००८) कुटुंबाला २०२२ मध्ये लंडनला नेण्यात आले. हे चित्रपट कोणास आवडले असतील तर आनंद आहे. सराफांसाठी आम्हीही रेल्वेत बसू. परंतु ज्या रविवारी एक आकडेवाला चित्रपट येथे येतो, त्या रविवारी एक बिनआकड्याचा येत नाही.

आणि घरी मुले आहेत. ती शाळेत कन्नड व इंग्रजी शिकतात, अंगणात हिंदी बोलतात, आणि मराठी त्यांच्या कानी पडते ती आईवडिलांच्या तोंडून व या चित्रपटांतून. गांधीनगरातील महाराष्ट्र मंडळात गणेशोत्सवाला जमणाऱ्या मुलांना दगडूचे संवाद पाठ असतात. अंगविक्षेपांसह म्हणून दाखवितात. त्यांत आम्हांस वावगे काही वाटत नाही. मात्र आपल्या भाषेत नवी गोष्ट निघू शकते, जिचा शेवट आधी कोणालाच ठाऊक नाही अशी गोष्ट, हे त्यांना कोठून कळावे? त्यांच्या लेखी मराठी चित्रपट म्हणजे आईवडिलांनी तरुणपणी पाहिलेल्या एखाद्या चित्रपटाचा दुसरा किंवा तिसरा भाग.

‘टाईमपास’ लागल्यानंतर बरोबर सहा आठवड्यांनी, १४ फेब्रुवारी २०१४ रोजी, नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ प्रदर्शित झाला. त्यातही एका वस्तीतल्या मुलाचे वरच्या जातीतल्या मुलीवर न बोललेले प्रेम आहे. शेवटी जब्या दगड उचलतो आणि सरळ आपल्या दिशेने भिरकावतो. पडदा काळा होतो. पुढे जब्याचे काय झाले, शालू कुठे गेली, दगड कोणाला लागला, हे विचारणारे प्रेक्षक त्या वेळीही होते, आणि पहिल्या चित्रपटाच्या यशानंतर त्यांना उत्तर देणे मंजुळ्यांना अवघड नव्हते. त्यांनी पुढे ‘सैराट’ (२०१६) काढला. त्यातही माणसे निराळी, गाव निराळे, शेवट निराळा. ‘सैराट’चा कन्नड अवतार ‘मनसु मल्लिगे’ (२०१७) रिंकू राजगुरूंसह येथे येऊन गेला, हिंदीत ‘धडक’ (२०१८) झाला, आणि २०२५ साली ‘धडक २’ या नावाखाली एका तमिळ चित्रपटाची कथा आली. ‘फँड्री’तला तो दगड मात्र अजून हवेतच आहे.